पात्राचे मरण आणि सूत्रधाराची दया

डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या वंशातील इतर खेळ टेबलाभोवती बसून खेळणाऱ्या मंडळींत एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो, आणि तो ज्याच्यावर येऊन आदळतो त्या गेम मास्टरला उत्तर देण्यासाठी चार-दोन क्षणांहून अधिक मुदत मिळत नाही. पडद्याआड फासा पडला आहे, तो पाहणारे आपण एकटेच आहोत, आणि त्याच्यावरील आकडा खरा मानला तर समोर बसलेल्या खेळाडूने महिनोन्महिने जपलेले, नावारूपाला आणलेले पात्र ठार होते. अशा वेळी तो आकडा आहे तसा सांगावा, की दुसराच सांगून पात्राला वाचवावे? ज्यांनी हे काम नुकतेच अंगावर घेतले आहे अशांसाठी हा लेख लिहीत आहे, आणि त्यांना तिष्ठत न ठेवता माझे मत प्रारंभीच सांगतो: पात्राला जीवदान देण्याचा अधिकार गेम मास्टरला निःसंशय आहे, परंतु तो फासा पडण्यापूर्वी आणि सर्वांच्या देखत वापरावयाचा आहे, फासा पडून गेल्यावर गुपचूप आकडा फिरवणे हा त्या अधिकाराचा दुरुपयोग होय.

हा खेळ ज्यांच्या पाहण्यात आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. येथे प्रत्येक खेळाडू एका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो, तिच्या वतीने बोलतो आणि तिचे निर्णय करतो; भोवतालचे जग, शत्रू, गावकरी, हवामान, देवदेवता असा उरलेला सर्व कारभार गेम मास्टर पाहतो; आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा फैसला फाशांवर सोपवला जातो. नाटकातील सूत्रधार आणि दरबारातील मुनसफ अशी दोन्ही कामे गेम मास्टरच्या ठायी एकवटलेली असतात, आणि आपल्यासमोरची अडचण मुळात या दोन कामांच्या विरोधातूनच उद्भवते; कारण कथा रंगावी ही सूत्रधाराची आस असते आणि निवाडा निर्दोष व्हावा ही मुनसफाची.

या खेळात मरणाला प्रारंभी फारशी प्रतिष्ठा नव्हती, हे समजून घेतल्यावाचून पुढील वाद नीट उमगणार नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली जेव्हा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे पहिले नियम प्रसिद्ध केले, तेव्हा ते दोघेही छोट्या शिशाच्या सैनिकांच्या फौजा टेबलावर मांडून लढाया खेळणाऱ्या वर्तुळातले होते, आणि ज्या खेळात पलटणीच्या पलटणी एका दुपारी गारद होतात त्यातील एका सैनिकाला नाव देऊन त्याचे पात्र केले, तरी त्याच्या मरणाचा शोक कोणी करावा अशी अपेक्षा नव्हती. हिट पॉइंट, म्हणजे पात्राची जीवशक्ती मोजणारे गुण, शून्यावर आले की पात्र संपले, आणि फासे टाकून थोड्याच वेळात दुसरे उभे करावयाचे, असा तेव्हाचा शिरस्ता होता. गायगॅक्स यांनी १९७५ साली ओरिजिन्स या मेळाव्यातील स्पर्धेसाठी रचलेले आणि पुढे १९७८ साली प्रसिद्ध झालेले ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस तर पात्रांचा फडशा पाडण्याबद्दलच प्रख्यात आहे, आणि स्पर्धेपुरते ते योग्यही होते, कारण तेथे कोण किती खोल पोचतो हेच पाहावयाचे होते.

परंतु मनुष्यस्वभाव असा आहे की ज्याला नाव दिले त्याच्याविषयी ममता उत्पन्न झाल्यावाचून राहत नाही. पात्रांना आईबाप आले, गाव आले, सूड आले, अपुरी राहिलेली प्रेमे आली. आणि ही ममता वाढली तसतसे खेळाचे नियमही मऊ होत गेले. १९७९ सालच्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये शून्यावर आलेले पात्र बेशुद्ध होते, त्याचे रक्त वाहू लागते आणि उणे दहापर्यंत घसरल्यावरच ते मरते, अशी तरतूद झाली. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत पडलेल्या पात्राला आपल्या प्रत्येक पाळीत वीस बाजूंचा फासा टाकावयास मिळतो. दहा किंवा अधिक पडले तर यश, कमी पडले तर अपयश, तीन यशांनी जीव तगतो आणि तीन अपयशांनी जातो. याचा हिशेब केला तर कोणीही मदतीला धावून आले नाही तरी शंभरांपैकी सुमारे साठ वेळा पात्र वाचते, आणि मदत आली तर प्रश्नच मिटतो. शिवाय पदरी योग्य पुरोहित आणि तीनशे सुवर्णमुद्रा किमतीचे हिरे असले, तर मरणानंतर एका मिनिटाच्या आत रिव्हिव्हिफाय या मंत्राने, आणि पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा असला तर दहा दिवसांपर्यंत रेझ डेड या मंत्राने, मेलेले पात्र परत आणता येते. चाळीस वर्षांत नियमांनी इतकी दया आपल्या पोटात घेतली आहे. नियमाने दिलेल्या या सवलती संपल्यावरही जर पात्र मरत असेल, तर ते मरण पुष्कळ पायऱ्या उतरून आलेले असते, आणि प्रत्येक पायरीवर कोणाला ना कोणाला काही करण्याची संधी मिळालेली असते.

आता प्रतिपक्षाची बाजू त्याच्या सर्वांत समर्थ रूपात मांडली पाहिजे, आणि ती मांडणारे स्वतः गायगॅक्सच आहेत. १९७९ सालच्या त्याच ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले आहे की, खेळाडूने सर्व खबरदारी घेतली, करण्यासारखे सर्व केले, आणि तरीही एखाद्या विचित्र फाशाने त्याचे पात्र मरत असेल, तर फाशाला बाजूला सारून त्याला बेशुद्ध करण्याचा, एखादा अवयव गमवावयास लावण्याचा, डोळा घेण्याचा, परंतु जीव न घेण्याचा अधिकार गेम मास्टरला आहे. मात्र खेळाडूने मूर्खपणा केला असेल तर त्याला त्याचे फळ भोगू द्यावे. यात माणुसकी आहे, आणि यदृच्छेपेक्षा कर्तृत्वाला मान देण्याची जी न्यायबुद्धी आहे ती मला पूर्णपणे मान्य आहे. माझा विरोध आहे तो ही न्यायबुद्धी पडद्याआड चालवण्याला.

याचे पहिले कारण असे की, पडद्याआडची दया फार काळ गुप्त राहत नाही. जे चार-पाच लोक दर रविवारी तुमच्या चेहऱ्याकडे तीन-तीन तास पाहत बसतात, त्यांना तुमच्या आवाजातील क्षणमात्र घुटमळणे कळते; राक्षसाचे घाव नेमके मरणाच्या उंबरठ्यावर येऊन हलके होतात हे त्यांच्या ध्यानात येते; आणि एकदा हा संशय मनात शिरला की मागील सर्व विजयांची किंमत एकदम उतरते, कारण त्यांतला कोणता कमावलेला आणि कोणता दान मिळालेला हे ठरवण्याचे साधन कोणापाशीच उरत नाही. ज्या खेळाडूने गेल्या बैठकीत, मन खात असतानाही, खजिना सोडून माघार घेण्याचा शहाणपणाचा निर्णय केला होता, त्याच्या शहाणपणाचाही यात अवमान होतो; कारण धोका नव्हताच असे कळल्यावर त्याची सावधगिरी भित्रेपणाच्या सदरात जमा होते.

दुसरे कारण मला याहूनही गंभीर वाटते, आणि नव्या गेम मास्टरांनी त्यावर थांबून विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. जोपर्यंत तुम्ही फाशाचा कौल जसाच्या तसा मानता, तोपर्यंत पात्र मेले तर ते धोका आणि दैव यांच्या संगनमताने मेलेले असते, आणि तुम्ही त्या दुःखात खेळाडूच्या शेजारी बसू शकता. परंतु एकदा का तुम्ही एका पात्रासाठी आकडा फिरवलात, की त्या दिवसापासून पुढे मरणारे प्रत्येक पात्र तुमच्या हातून मरते. तिला वाचवलेत, मला का नाही, या प्रश्नाला तुमच्यापाशी प्रामाणिक उत्तर राहत नाही; तिची कथा अधिक रंजक होती, ती तुमची जुनी मैत्रीण होती, त्या दिवशी तुमचे मन हळवे झाले होते, यांपैकी जे कारण खरे असेल ते सांगण्याजोगे नसते. ज्याला निष्पक्षपाती राहावयाचे आहे त्याने पक्षपाताचा नुसता आरोपही ठेवता येणार नाही अशा रीतीने वागले पाहिजे, हा मुनसफीचा जुना दंडक येथेही लागू आहे. आणि पुढे असे होते की, या प्रश्नाच्या भीतीने गेम मास्टर कोणालाच मरू देत नाही, लढाया चालतात, फासे खुळखुळतात, परंतु कोणीही खुर्चीच्या कडेवर सरकून बसत नाही.

येथे कोणी म्हणेल की कथेच्या दृष्टीने नायकाचे मध्येच मरणे हा रसभंग आहे. हा आक्षेप आपल्या परंपरेला नवा नाही. संस्कृत नाट्यशास्त्राने रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये असाच संकेत घालून दिला होता; तरीही भासाने ऊरुभंगात दुर्योधनाला प्रेक्षकांच्या समक्ष मरू दिले, आणि मांड्या भग्न झालेला तो राजा आपल्या लहानग्या मुलाला, दुर्जयाला, मांडीवर घेऊ शकत नाही त्या प्रसंगी जी करुणा उत्पन्न होते, ती त्याला जिवंत ठेवून कोणत्याही कवीला साधली नसती. मरण कथेचा घात करते हे खरे नाही. निरर्थक, घाईत उरकलेले मरण तिचा घात करते. म्हणून गेम मास्टरने आपली सारी कला मरण टाळण्यात खर्च न करता, मरणाच्या आधीच्या आणि नंतरच्या व्यवस्थेत खर्च करावी. तिच्याकडे आता वळतो.

सर्वांत आधीची गोष्ट म्हणजे करार. पहिली साहसयात्रा सुरू होण्यापूर्वी जी बैठक घेतात, जिला खेळाडू सेशन झिरो म्हणतात, तिच्यात पात्रांच्या मरणाविषयी स्पष्ट शब्दांत बोलणे करावे: येथे पात्रे मरू शकतात काय, मेली तर परत आणण्याचे मंत्र या जगात चालतात काय, आणि कोणाला आपल्या पात्राचे मरण नकोच असेल तर तो आताच तसे सांगतो काय. कारण मरण नसलेला खेळ हाही एक सन्मान्य खेळ आहे. ‘टेल्स फ्रॉम द लूप’ या खेळात पात्रे शाळकरी मुले असतात, आणि ती मरू शकत नाहीत असा तेथे नियमच आहे. तरी त्यात भीती आहे, अपमान आहे, घरी परतल्यावर खोटे बोलण्याचा प्रसंग आहे. याच्या अगदी उलट टोकाला ‘टेन कँडल्स’ आहे, ज्यात शेवटी सर्वच पात्रे मरणार हे आरंभीच ठाऊक असते. १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर पात्र घडवीत असतानाच, खेळ सुरू होण्यापूर्वी, मरू शकत असे. या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे, ती ही की खेळाडूला आपण कोणत्या अटीवर बसलो आहोत याची पूर्वकल्पना असते. तुमच्या टेबलावर ज्या अटी ठरतील त्या ठरोत. मात्र ठरल्यावर त्या पाळा, आणि बदलावयाच्या झाल्यास सर्वांना विचारून बदला.

दुसरी गोष्ट म्हणजे धोक्याचे मोजमाप, आणि ते घरी बसून आगाऊ करावयाचे काम आहे. बहुतेक नाहक मरणे पहिल्या, म्हणजे पात्र अगदी नवखे असतानाच्या, पातळीवर होतात, आणि ती क्रूर फाशापेक्षा न केलेल्या हिशेबामुळे होतात. २०१४ च्या नियमांतील एक साधे उदाहरण घेऊ. पहिल्या पातळीच्या जादूगाराचे हिट पॉइंट सात आहेत असे समजा. बगबेअर नावाचा केसाळ राक्षस आपल्या गदेने आठ बाजूंचे दोन फासे अधिक दोन इतकी इजा करतो. नियम असा आहे की शून्यावर आल्यानंतर उरलेली इजा जर पात्राच्या कमाल हिट पॉइंटांइतकी किंवा अधिक असेल तर पात्र जागच्या जागी मरते, वाचवण्याचे फासे मिळतच नाहीत. म्हणजे या जादूगाराला चौदा इजा पुरे. दोन फाशांवर बारा किंवा अधिक पडण्याचे प्रकार चौसष्टांपैकी पंधरा आहेत. अर्थात बगबेअरचे जे घाव लागतील त्यांतील जवळजवळ दर चौथा घाव या धडधाकट जादूगाराला एका फटक्यात यमसदनी धाडील. हे गणित ज्याने केले आहे तो बगबेअरला पहिल्या रात्री अंधारातून झेप घ्यावयास लावणार नाही. किंवा लावलीच, तर आधी त्याची प्रचंड गदा एखाद्या खांबाचा चक्काचूर करताना दाखवील, म्हणजे जादूगाराला मागे सरण्याची बुद्धी होईल. दया येथे करावयाची असते, आणि येथे केलेल्या दयेला लबाडीचा स्पर्श नसतो.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष लढाईतली. तुम्हाला जो परिणाम मान्य नाही त्यासाठी फासा उचलूच नका. आणि उचलणार असाल तर टाकण्यापूर्वी मोठ्याने सांगा की हा घाव लागला तर अमुक होईल. मग पडदा बाजूला करून सर्वांच्या समोर फासा टाका. त्या एका क्षणात टेबलावर जी शांतता पसरते ती अनुभवल्यावर पडद्याआडच्या फाशाचा मोह आपोआप सुटतो. नियमांनी तुमच्या हाती ठेवलेली वैध मुभाही थोडीथोडकी नाही. जवळून केलेल्या घावाने पात्र शून्यावर येत असेल, तर मारणाऱ्याला त्याला ठार न करता बेशुद्ध करण्याची मोकळीक २०१४ च्या नियमांनी दिलेली आहे, आणि ती मोकळीक शत्रूलाही आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खंडणी उकळणारा दरोडेखोर श्रीमंत दिसणाऱ्या पात्राला कशासाठी मारील? गुलामांचा व्यापारी आपलाच माल कशासाठी बिघडवील? त्याचप्रमाणे, जमिनीवर पडलेल्या पात्रावर शेजारून घाव घातला तर त्याच्या खात्यावर एकदम दोन अपयशे जमा होतात. तेव्हा पडलेल्यावर वार करावयाचा की उभ्या असलेल्या योद्ध्याकडे वळावयाचे, हा निर्णय म्हणजे गेम मास्टरच्या हातातील खरे जीवनमरण आहे. तो शत्रूच्या स्वभावावरून करा. भुकेला घूल प्रेताच्या आशेने पडलेल्यावरच तुटून पडेल, भाडोत्री शिपाई आपल्या अंगावर येणाऱ्या तलवारीकडे पाहील, आणि वैयक्तिक वैर असलेला शत्रू काय करील हे तुम्हाला त्याच्या वैराच्या कथेवरून ठाऊक असलेच पाहिजे. पडलेले पात्र कोणाचे आहे, याचा या विचारात प्रवेश होऊ देऊ नका.

दोन प्रसंगी मात्र पडलेला फासाही मागे घ्यावा असे माझे मत आहे. गेम मास्टरनेच नियम चुकीचा लावल्याचे उघडकीस आले, तर तेथल्या तेथे चूक कबूल करून प्रसंग मागे फिरवावा. आणि पात्राच्या मरणाने एखाद्या खेळाडूच्या प्रत्यक्ष आयुष्यातील ताजी जखम उघडी पडली असेल, घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर खेळ थांबवून माणसाकडे पाहावे. खेळ हा माणसांसाठी आहे. हे दोन्ही अपवाद उघड आहेत, याची नोंद घ्यावी. लहान मुलांना किंवा प्रथमच बसणाऱ्यांना सवलत द्यावयाची तर तीही आरंभी जाहीर करून द्यावी. मुलांना ती सांगून दिल्याने त्यांचा आनंद कमी होत नाही.

राहिली मरणानंतरची व्यवस्था, आणि येथेच नवे गेम मास्टर सर्वाधिक उणे पडतात. पात्र मेले की लगेच पुढच्याची पाळी पुकारू नका. मरणाऱ्या पात्राचा शेवटचा उद्गार किंवा शेवटची दृष्टी कशी होती, हे त्याच्या धन्यालाच सांगू द्या. लढाई संपल्यावर बाकीच्यांना त्याचे दफन वा दहन करण्यास, त्याच्या झोळीत काय होते ते पाहण्यास, त्याच्या घरी निरोप कोणी न्यावा याचा विचार करण्यास अवसर द्या. पुष्कळदा पुढील सहा महिन्यांचे कथानक या अर्ध्या तासात सापडते. खेळाडूला त्या रात्री रिकाम्या हाताने बसवून ठेवू नका. एखादा वाटाड्या, एखादा कैदी, शत्रूच्या गोटातील एखादा डळमळीत शिपाई त्याच्या हवाली करा. त्याचे नवे पात्र सोबत्यांच्याच पातळीचे असू द्या, कारण मरणाची शिक्षा एकदा भोगून झालेली आहे.

ज्यांना हे सर्व नाटकी वाटेल त्यांनी क्रिटिकल रोल या प्रसिद्ध मंडळींचा दाखला आठवावा. अमेरिकेतील व्यावसायिक आवाजकलाकारांचा हा गट २०१५ पासून आपला खेळ जगासमोर खेळत आला आहे, आणि प्रेक्षकांची आवड हेच ज्यांचे उत्पन्न, त्यांना लाडके पात्र जपण्याचा मोह इतर कोणाहूनही अधिक असणार. तरीही २०१८ साली त्यांच्या दुसऱ्या साहसयात्रेत टॅलिसिन जॅफी यांचे मॉलीमॉक हे पात्र कैदेत पडलेल्या साथीदारांना सोडवण्याच्या खटपटीत मारले गेले, आणि उपचार करणारी सोबतीणच त्या कैद्यांत असल्यामुळे त्याला उठवणारे कोणी नव्हते. गेम मास्टर मॅथ्यू मर्सर यांनी ते मरण तसेच राहू दिले. जॅफी पुढे कॅड्यूसस नावाचा पुरोहित घेऊन आले, आणि मॉलीमॉकची आठवण उरलेल्यांच्या बोलण्यात, निर्णयांत आणि वैरांत दीर्घकाळ वावरत राहिली.

तेव्हा तुम्ही जर लवकरच नवी साहसयात्रा सुरू करणार असाल, तर पहिल्या बैठकीत खेळाडूंना मरणाविषयी स्पष्ट विचारा, त्यांचे उत्तर कागदावर लिहून ठेवा, पहिल्या दोन लढायांचा हिशेब घरी करा, आणि जिवावरचा प्रत्येक फासा टेबलाच्या मध्यभागी टाका.